पास सरकारचा, वेस गावाची

"आगं ए, ती पासाची भानगड तुला येती का?"

काकूंचा आवाज शेराच्या वईपलीकडून आला तेव्हा मी परसात कुरडया वाळत घालत होते. मे 2021 चा दुसरा आठवडा. अक्षय तृतीया तोंडावर आली होती आणि गावात एकाही दारी मांडव नव्हता. 22 एप्रिलच्या रात्रीपासून लग्नाला 25 माणसं आणि 2 तास, त्यावर गेलं तर 50 हजार दंड. काकूंचं म्हणणं, दोन तासांत आपल्याकडं रुसलेला मामासुद्धा उठत न्हाई, लग्न कुठलं लागतंय.

आमच्या दोन घरांमधली ही वई त्या दिवसांत फार कामाला आली. छाटायला माणूस मिळेना म्हणून ती छातीएवढी वाढली होती, त्यामुळे सरकारी अंतर आपोआप पाळलं जायचं. मी मास्क लावून, काकू तोंडाला पदर लावून. गावातली खबर काकूंकडून इकडे यायची, सरकारी हुकूम माझ्याकडून तिकडे जायचा. मी शाळेत शिकवते, म्हणजे मला परिपत्रकं कळतात, असा त्यांचा समज. परिपत्रक पहिल्या वाचनात कोणालाच कळत नाही, हे मी त्यांना सांगत बसले नाही.

"कशाला हवाय पास?"

"धाकटीला आणायाची हाय. सातवा सरत आलाय. आठव्यात पोरीला हालवीत न्हाईत. ह्या आठ दिसांत आली तर आली, न्हाईतर पयलं बाळातपण सासरी."

धाकटी महाडला दिलेली. जावई बिरवाडीच्या एमआयडीसीत कामाला. एरवी ही काही अडचणच नव्हती. भोरहून नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेने हिर्डोशी, मग वरंधा घाट, वाघजाई, खाली माझेरी, वरंध आणि पुढे महाड. सकाळी निघालेलं माणूस दुपारी जेवायला तिकडे. पण घाट उतरला की रायगड जिल्हा, आणि 23 एप्रिलपासून जिल्हा ओलांडायला ई-पास पुन्हा सुरू झाला होता.

"मागल्या साली बंद केलंता की त्यो पास," काकू म्हणाल्या. त्यांची आठवण पक्की. 2020 च्या 20 ऑगस्टला यष्टी जिल्ह्याबाहेर सुटली, तिला पास नव्हता. खासगी गाडीचा पास 2 सप्टेंबरला गेला. मधल्या दोन आठवड्यांत गंमतच होती. चार जण आपल्या गाडीतून निघाले तर पास हवा, तेच चार जण बावीस अनोळखी माणसांबरोबर यष्टीत बसले तर नको.

"आता पुन्हा आलाय. आणि कारणंही मोजकीच चालतात. आजारपण, मयत, अगदीच नडलेलं काम."

"बाळातपण नडलेलं न्हाई व्हय?"

"आहे ना. पण ते डॉक्टरने लिहून द्यायला हवं. तुम्ही सांगून नाही चालत."

काकूंना हे लागलं. तीन बाळंतपणं स्वतःची आणि गावातली कितीतरी त्यांच्या हातची.

आमच्या भोरची एक अडचण पुण्या-मुंबईच्या माणसाला समजत नाही. तालुका पुणे जिल्ह्याच्या अगदी कोपऱ्यात. सारोळ्याच्या पुढे नीरेवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा, आणि आमच्याकडची कितीतरी पोरं रोज शिरवळच्या कारखान्यांत जाणारी. मांढरदेवीला चढलं की सातारा, वरंधा उतरला की रायगड. शेजारच्या वेल्हे तालुक्याच्या टोकाला केळदच्या पुढे मढे घाट उतरा, पुन्हा रायगड. नकाशात तालुका एक, पण कामधंदा, दवाखाना, सोयरिकी तीन जिल्ह्यांत पसरलेल्या. एप्रिल 2020 मध्ये शिरवळच्या पाळीला जाणाऱ्यांनी कंपनीचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचं, ओळखपत्र गळ्यात अडकवायचं आणि पुलावर गाडी बंद करून उभं राहायचं, हे अंगवळणी पाडून घेतलं होतं.

"मढे घाटानं आणू का मग?" काकूंनी डोळे बारीक केले. "तितं कोन बसतंय पास बघाया? आमचा आजा त्याच घाटानं चालत कोकनात जायचा."

"तानाजी मालुसऱ्यांना उमरठला त्याच घाटाने नेलं म्हणतात, म्हणून तर मढे घाट नाव पडलं. पोटुशी पोर तिथून चढवणार तुम्ही?"

"तसं न्हाई गं. बोलायाचं आपलं."

काकूंचं माहेर वेल्ह्याकडचं, राजगडाच्या पायथ्याचं. तेव्हा तालुक्याचं नाव वेल्हे होतं, आता राजगड तालुका म्हणायचं. त्यांचा भाऊ गडावर येणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी करून घालतो. मार्च 2020 पासून त्याची चूल नुसती घरच्यापुरती पेटत होती. गडबंदी असली तरी शनिवार-रविवारी पुण्याची पोरं यायचीच. गुंजवण्याला अडवलं तर पालीच्या बाजूने, तिकडे अडवलं तर रानातून. "आन् सापडली की सांगायची, मामाच्या गावाला आलोय," काकू म्हणाल्या. "मामाचं नाव इचारलं की गप. भाऊ म्हनतो, एका शनवारी मला पाच भाचं झालं."

भावाचा धंदा बुडाला, तरी तो गडबंदीच्या बाजूने होता. गावात डॉक्टर नाही, रात्री कोणाला धाप लागली तर गाडी करून नसरापूर नाहीतर पुणं गाठायचं. ज्यांना दवाखाना दारात आहे त्यांनी इथं येऊन शिंकावं हे त्याला पटत नव्हतं. मलाही नाही. गड कुठे पळून जात नव्हता.

तसंच लसीचं. 1 मेपासून 18 ते 44 वयाच्या लोकांची लस सुरू झाली आणि जागा कोविनच्या संकेतस्थळावर धरायची होती. पुण्यात जागा मिळेना म्हणून शहरातली माणसं तालुक्यातालुक्यांतल्या केंद्रांवर जागा धरायला लागली. केंद्र आमचं, डोस आमच्या नावाचे आलेले, आणि आवारात गाड्या पुण्याच्या. वेल्ह्याच्या आतल्या गावांत तर ओटीपी यायला टेकडीवर चढावं लागायचं. तो येईपर्यंत पुण्याच्या माणसाने जागा धरलेली असायची.

"सुई टोचून घेतली, बनेश्वराच्या झाडीत डबा खाल्ला आन् गेली," असं काकू म्हणाल्या. डब्याचं त्यांनी कोणाकडून ऐकलं ते मी विचारलं नाही. काकूंच्या बातमीतला पहिला भाग नेहमी खरा असतो.

पासाकडे वळू. संकेतस्थळ पोलिसांचं. मी मोबाइल वईच्या फटीत टेकवला आणि काकूंना एकेक रकाना वाचून दाखवायला लागले. फॉर्म इंग्रजीत. नाव, कधी जाणार, कधी परतणार, गाडीचा नंबर, बरोबर किती जण, याच रस्त्याने माघारी येणार का, राहता तो भाग प्रतिबंधित आहे का. फोटो 200 केबीच्या आत. धाकटीने फोटो पाठवला तो लग्नातला, मुंडावळ्यांसकट. दुसरा मागवला. आधारकार्डाचा फोटो आला त्यात निम्म्या नंबरावर जावयाचा अंगठा. तिसऱ्यांदा नीट आला तेव्हा खरी मेख कळली. आधारवर पोरीचं माहेरचं नाव, डॉक्टरच्या चिठ्ठीवर सासरचं.

"येकच पोरगी हाय की ती."

"तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. चौकीवरच्या पोलिसाला कसं कळायचं?"

ही अडचण त्या काळात घरोघरच्या सुनांना आली असणार. लग्नानंतर आधार बदलायला कोण जातंय? त्यावर सोपा उपाय होता. डॉक्टरलाच सांगायचं की आधारवर आहे तेच नाव लिहा, कंसात सासरचं घाला, तारीख टाका, किती महिने ते लिहा, शिक्का मारा आणि नोंदणी क्रमांक असलेल्या कागदावर द्या. साध्या चिठोऱ्यावरची "विश्रांतीची गरज आहे" अशी ओळ कामाची नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नसे. अर्ज जिथे पोहोचायचं तिथल्या पोलिसांकडे नसतो, जिथून निघायचं तिथल्यांकडे असतो. म्हणजे धाकटीचा अर्ज रायगड पोलिसांकडे. भोरहून गाडी पाठवायची म्हटलं तर ती पुणे ग्रामीणकडे. पुण्यात राहणाऱ्याची तर आणखी तऱ्हा, तिथे पुणे शहर वेगळं, पिंपरी-चिंचवड वेगळं आणि ग्रामीण वेगळं. चुकीचं खातं निवडलं की अर्ज तिथेच पडून.

"म्हणून म्हणते काकू, गाडी महाडहूनच येऊ दे. एकच पास, जाऊन-येऊन. पोरीला सोडून गाडी माघारी."

काकू गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आन् मुराळी?"

खरंच की. बाळंतपणाला लेक आणायची तर माहेरचं माणूस न्यायला जायला हवं. मुराळ्याशिवाय निघाली तर लोक म्हणतील, सासरच्यांनी आणून टाकली. काकूंच्या डोक्यात पाच मुराळी होते. थोरला भाऊ, भावजय, एक चुलती, ओटीचं सामान धरायला कोणीतरी, आणि स्वतः काकू.

"चारचाकीत ड्रायव्हर आणि निम्म्या जागा. बाकी दोघंच बसणार. जावई आणि पोर. झाली गाडी."

"मंग माझं पोरगं काय डिकीत बसंल?"

यावर तोडगा काकूंनीच काढला. थोरला मोटारसायकलवर हिर्डोशीपर्यंत जाईल. आपलाच तालुका, तिथवर जिल्ह्याचा पास नको, बहिणीला आणायला चाललोय एवढं सांगितलं की झालं. तिथे नारळ ओवाळून टाकायचा आणि गाडीच्या पुढे पुढे घरापर्यंत यायचं. मुराळी असावा पण तो सासरच्या उंबऱ्यापर्यंतच जावा, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? काकू म्हणाल्या, "म्हाऊली यष्टीत बसून पंढरपूरला गेली. तितं रीत मोडली न्हाई, माझ्या दारात मोडतीय व्हय?"

30 जून 2020 ला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या, ते आम्ही दोघींनी त्यांच्या घरच्या टीव्हीवर पाहिलं होतं. मी खिडकीबाहेर, त्या आत. फुलांनी सजवलेली बस निघाली तेव्हा काकू रडल्या होत्या. वर्षभराने त्याच बसचा दाखला त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी वापरला.

जगातही सगळीकडे असंच चाललं होतं, हे मी त्यांना सांगितलं. अमेरिका खंडात खाली कोलंबिया नावाचा देश आहे. त्याच्या राजधानीत, बोगोटात, एप्रिल 2020 मध्ये नियम काढला की विषम तारखेला फक्त पुरुषांनी बाहेर पडायचं, सम तारखेला फक्त बायकांनी. आणि बायकांच्या दिवशी दुकानांसमोर रांगा लांब लागायच्या.

"लागनारच," काकू म्हणाल्या. "बाप्यांच्या दिवशी बाप्या काय आनतोय? तंबाखू."

त्याच देशात पुढे विमानं सुरू झाली तेव्हा निघायच्या आधी चोवीस तासांच्या आत मोबाइलवर एक फॉर्म भरायला लागायचा. हे ऐकून त्यांना बरं वाटलं. एवढ्या लांबच्या लोकांनाही फॉर्म चुकला नाही.

पण पास हातात आला म्हणजे प्रवास झाला असं मी धरून चालले होते, आणि काकूंना ते मुळीच पटत नव्हतं. "पास सरकारचा," त्या म्हणाल्या. "वेस गावाची. कोळपकराची गोष्ट इसरलीस?"

कोळपकर म्हणजे कोळपं करणाऱ्यांच्या घरातला मुंबईचा माथाडी. भोर-वेल्ह्याच्या गावांमधून मुंबईच्या बाजारात हमालीला गेलेली माणसं घरटी एक तरी. मे 2020 मध्ये बाजारात आजार शिरला आणि ही माणसं गावाकडे निघाली. आमच्या गावाने तोवर रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, आणि त्यावर एक जुनं बैलगाडीचं चाक. ह्या गृहस्थाकडे पास होता, तापाचा दाखला होता, सगळं व्यवस्थित. चौक्या पार करून आला आणि वेशीवर अडला. पोरांनी काठ्या आडव्या धरल्या. पास दाखवला तर म्हणाले, यावर आमच्या गावाची सही कुठंय? सकाळी दहाला आलेला माणूस दिवेलागणीपर्यंत पिंपळाखाली बायको-मुलांसह बसून. त्याच्या सख्ख्या भावाने लांबून पाण्याची कळशी ठेवली आणि मागे सरला. शेवटी पोलीस पाटील आणि तलाठी येऊन माझ्या शाळेचं कुलूप उघडलं.

माझ्या चौथीच्या वर्गात ते चौदा दिवस राहिले. बाकं भिंतीला उभी करून सतरंज्या टाकल्या. भिंतीवर बावीस ते तीस पाढे रंगवलेले आहेत. धाकट्या पोराने तेवढ्या दिवसांत ते पाठ केले. पाणी भरलेली बादली दाराबाहेर, जेवणाचा डबा पायरीवर. रात्री दिव्यावर किडे यायचे म्हणून दिवा बंद. शाळेत संडास मुलांच्या मापाचे, हे तोवर कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा शाळेचे पत्रे वाजायला लागले, आणि ज्यांनी काठ्या आडव्या धरल्या होत्या तीच पोरं पावसात पत्र्यावर दगड ठेवायला धावली.

याउलट दुसरं एक जोडपं पुण्याहून आलं. त्यांनी आधी चार दिवस पोलीस पाटलांना फोन केला, सरपंचांना केला, आशाताईंना केला. अमुक दिवशी येतो, इतके जण आहोत, गावात फिरणार नाही, सांगाल तिथे राहू. गावाने त्यांना मळ्यातली खोली झाडून दिली, हंडे भरून ठेवले, चुलीला फाटा ठेवला. त्यांच्याकडे कागद कोणी मागितलाच नाही. तीच माणसं, तोच आजार, तोच महिना.

गावाचं चुकलं का? त्या संध्याकाळी मला तसंच वाटलं होतं. 9 मार्चला, ऐन होळीच्या दिवशी, पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, आणि तेव्हापासून गावाने टीव्हीवर एकच ऐकलं होतं की बाहेरून येणारा आजार आणतो. परगावच्या माणसाला वेशीवर उभं करून विचारपूस करायची रीत जुनीच. पण विचारपूस करणं वेगळं आणि लेकरांना दिवसभर उन्हात बसवणं वेगळं. एक फोन त्या गृहस्थाने करायला हवा होता, हे जितकं खरं, तितकंच गावाने पिंपळाखाली जेवण पाठवायला हवं होतं.

"म्हनून मी काय म्हनते," काकू वईच्या आणखी जवळ आल्या, "पासाचं तू बघ. वेशीचं मी बघते."

आणि त्यांनी बघितलं. त्याच दुपारी दक्षता समितीतल्या प्रत्येकाला फोन गेला. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीच्या बाई. पोर येतीय, पोटुशी हाय, मागल्या खोलीत चौदा दिस ठेवते, न्हाणीघर तिला वेगळं दिलंय, आम्ही पुढल्या दारानं वावरतो. आशाताईंनी विचारलं, तपासणी? काकू म्हणाल्या, करून येईल. मग मला विचारलं, कुठली तपासणी? दोन प्रकार होते. अँटिजेन लगेच कळायची, आरटीपीसीआरला दिवस-दोन दिवस. रायगडहून पुण्यात यायला तपासणीची सक्ती नव्हती, ती परराज्यातून येणाऱ्यांना होती. तरी आम्ही करायला सांगितली, ती गावाच्या समाधानासाठी. निघायच्या फार आधी केली तर अहवाल शिळा होतो आणि आदल्या दिवशी केली तर तो वेळेवर येत नाही, म्हणून मधला दिवस धरला.

रस्त्याचं सामान काकूंनी फोनवरून लावून दिलं. त्यातलं माझं एक, बाकी सगळं त्यांचं. माझं असं की पासाच्या दोन छापील प्रती घ्यायच्या. घाटात मोबाइलला रेंज नसते, बॅटरी ऐन वेळी दगा देते, आणि पीडीएफ उघडत नाही म्हणून पोलिसाशी वाद घालणारी माणसं आम्ही पाहिली होती. एक प्रत काचेला, एक पर्समध्ये. आधार आणि डॉक्टरचा कागद तिच्याबरोबरच टाचलेले.

काकूंचं असं. हॉटेलं बंद, मिळालं तर पार्सल, त्याच्या भरवशावर राहायचं नाही. तांदळाची भाकरी, चटणी, काकडी, आणि पाणी दोन माणसांना लागेल त्याच्या दुप्पट. वळणावर मळमळतं म्हणून आमसूल तोंडात. पुढच्या सीटवर बसायचं. पट्टा पोटाच्या खालून. आणि मग मोबाइलवर आवाज खाली करून सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं होतं, आणि कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. घाटात बाईला जायला जागा नाही. एरवी वाघजाईपाशी टपऱ्यांवर कोणी तरी आडोसा द्यायचं, पण टपऱ्या बंद. सातव्या महिन्यात दर तासाला जावं लागतं. तेव्हा महाडला निघताना जायचं, वरंधला ओळखीच्या घरी परसात जायचं, तिथून हिर्डोशी. वरंधच्या घराला आधी फोन. हिर्डोशीला थोरला एका घरी सांगून ठेवील. गाडीत एक जुनं लुगडं टाकायचं, अगदीच नड पडली तर धरायला.

नियम करणाऱ्या एवढ्या टेबलांवर एकही बाई नव्हती का, असं मला त्या क्षणी वाटलं. असतीलही. पण त्यांचा प्रवास वरंध्याने झाला नसणार.

आणखी एक गोष्ट काकूंनी जावयाला बजावून सांगितली. खोटं कारण घालायचं नाही आणि वाटेत कोणाला बसवायचं नाही. त्या दिवसांत दुधाच्या नि भाजीच्या गाडीत लपून माणसं यायची. शेजारच्या गावात एकाने मयताचं कारण टाकून पास काढला होता आणि ज्या चुलत्याला मारलं तो चुलता बांधावर उभा राहून हसत होता. असे दोन पकडले गेले की पुढच्या दहा खऱ्यांकडे पोलीस संशयाने बघतो. गाडीत जागा रिकामी आहे म्हणून ओळखीचं माणूस घेतलं आणि पासात त्याचं नाव नसलं, की सगळी गाडी माघारी.

पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण कळलं नाही. मला वाटतं, चिठ्ठीचा फोटो अंधुक होता. दुसरा मंजूर झाला, क्यूआर कोड आला, तारीख घातलेली. काकूंनी मोबाइल हातात न घेता, लांबूनच, त्या काळ्या ठिपक्यांच्या चौकोनाला नमस्कार केला.

गाडी आली ती सकाळी अकराच्या सुमारास. पुढे मोटारसायकलवर थोरला, हँडलला नारळाची पिशवी. वेशीवर पोलीस पाटील आणि आशाताई उभ्या होत्या. ताप बघितला, बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावलं, वहीत नाव लिहिलं. पास कोणी उघडून बघितला नाही. आशाताई म्हणाल्या, "काकू आठ दिस रोज फोन करतायत, आता सोडा बया तिला घरात." भाकरतुकडा ओवाळला तो काठीला ताट बांधून. ही युक्ती काकूंची.

चौदा दिवस धाकटी मागच्या खोलीत आणि तिचं बोलणं वईवरून माझ्याशी, कारण माझं परस तिच्या खिडकीसमोर. माहेरी आलेल्या पोरीला आईच्या आधी शेजारीण दिसायची. डोहाळे काय लागलेत ते मला सांगायची, मी ओरडून काकूंना सांगायची, आणि सगळ्या आळीला कळायचं.

7 जूनला निर्बंध सैल झाले. राज्यात पाच स्तर केले आणि ई-पास फक्त पाचव्या स्तरातल्या जिल्ह्यांपुरता उरला. गावातल्या एकाने काकूंना डिवचलं, की एवढी घाई केली नसती तर विनापास आली असती. काकू म्हणाल्या, "आठवा लागला असता की रं."

मुलगा झाला जुलैच्या मध्याला, भोरला. बारा दिवस व्हायच्या आत, 22 जुलैला, तो पाऊस आला. महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड कोसळली, वरंधा घाटाचा रस्ता जागोजाग खचला. जावई सुखरूप होता, पण रस्ताच नव्हता. बारशाला तो मोबाइलवर होता, आणि त्याच्या बाजूची वीज गेलेली म्हणून चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज. नाव त्यानेच सांगितलं, काकूंनी ते बाळाच्या कानात.

सप्टेंबरात धाकटी परत गेली ती ताम्हिणीने, वळसा घालून. पास लागला नाही, कोणी अडवलंही नाही. तरी जावयाच्या गावच्या पोलीस पाटलांना काकूंनी आदल्या दिवशी फोन लावला होता.